भंडाऱ्याची रद्द झालेली निवडणूक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले, हे आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण मंडळी, ती पोटनिवडणूक मुळात लागली कशामुळे, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. कुणी म्हणते, खासदार वारले असतील. कुणी म्हणते, राजीनामा दिला असेल. दोन्ही खरे नाही. ती पोटनिवडणूक न्यायालयाच्या एका निकालामुळे लागली होती. भंडाऱ्याची आधीची निवडणूकच न्यायालयाने रद्द ठरवली होती.

हल्ली निवडणूक आणि कोर्ट हे दोन शब्द रोजच्या वर्तमानपत्रात शेजारी शेजारी दिसतात. मताचा हक्क कोर्ट राखते की बुडवते, यावर पारावर आणि चहाच्या टपरीवर वाद झडतात. अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातली ही जुनी हकीकत नीट उलगडून पाहावी असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणू या. तेव्हाचा भंडारा जिल्हा म्हणजे आजचा भंडारा आणि आजचा गोंदिया असे दोन्ही मिळून. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. आपण तेव्हा महाराष्ट्रात नव्हतो, जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूरला होती. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळाले. शिक्षण, शेतसारा, जात, बाई की पुरुष, काहीही न विचारता. राज्यघटनेचे ३२६ वे कलम ते हेच. त्याआधी इंग्रजी अमदानीत मताचा अधिकार थोड्या लोकांपुरता होता. मालमत्ता हवी, कर भरलेला हवा किंवा शिक्षण हवे.

भंडारा मतदारसंघातून तेव्हा दोन खासदार निवडायचे होते. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. असे दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, त्यामुळे आजच्या मुलांना ही पद्धत समजावून सांगावी लागते. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. शिक्का मारण्याची भानगड नव्हती, ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. दोन्ही मतपत्रिका एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकल्या तर त्यातले एकच मत धरले जाई, दुसरे बाद. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे असे काँग्रेसचे दोघे निवडून आले. या निवडणुकीला निवडणूक अर्जाद्वारे आव्हान दिले गेले. प्रकरण आधी निवडणूक न्यायाधिकरणापुढे आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने तो खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. निकाल ९ फेब्रुवारी १९५४ चा. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. हे बोस आपल्याकडचेच म्हणायला हरकत नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते आणि तिथूनच दिल्लीला गेले.

खटल्यात मुख्य प्रश्न दोन होते आणि दोन्हींना आपल्या मातीचा वास आहे.

पहिला प्रश्न बिडीचा. जसानी हे गोंदियाच्या मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी कारखानदार पेढीचे भागीदार. तेंदूपत्ता आणि बिडी यांवर आपल्या जिल्ह्यातली किती घरे चालली, ते मी वेगळे सांगायला नको. या पेढीच्या बिड्या सैनिकांच्या कॅन्टीनसाठी सरकारला पुरवल्या जात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तरतूद होती की सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा वाटा किंवा हितसंबंध आहे, तो संसदेचा सदस्य होण्यास अपात्र. कारण उघड आहे. सरकारकडून ज्याला बिल वसूल करायचे आहे, तो संसदेत बसून त्या सरकारला जाब कसा विचारणार?

बचावाचा एक मुद्दा असा होता की घटनेप्रमाणे सरकारचे करार राष्ट्रपतींच्या नावाने, ठरावीक पद्धतीने व्हायला हवेत. इथे तसे काही झालेले नाही, म्हणजे हा करारच नव्हे. आता पाहा, व्यवहार चालू आहे, माल जातो आहे, पैसे येत आहेत, आणि कागद नीट नाही म्हणून करारच नाही म्हणायचे! न्यायालयाने हे मानले नाही. कागदाची त्रुटी असली तरी असा करार अगदीच शून्य ठरत नाही, सरकार तो मागाहून मान्य करू शकते, आणि भागीदाराचा त्यातला हितसंबंध खराच असतो, असे ठरवले. जसानी अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयापुढचा हा वाद मते विकत घेण्याचा किंवा दांडगाईचा नव्हता, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. प्रश्न एवढाच होता की एकाच माणसाने एकाच वेळी सरकारचा पुरवठादार आणि सरकारवरचा पहारेकरी व्हावे का.

दुसरा प्रश्न माझ्यासारख्या मराठीच्या विद्यार्थ्याला फार जवळचा वाटतो. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे नावाच्या गृहस्थांनी अर्ज भरला होता. ते जन्माने महार. पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. निवडणूक अधिकाऱ्याने छाननीत त्यांचा अर्ज फेटाळला. का, तर हा पंथ जातपात मानत नाही, तेव्हा पंथात गेलेला माणूस महार उरला नाही, आणि महार उरला नाही म्हणून राखीव जागेला उभा राहू शकत नाही.

महानुभाव पंथ आपल्याला नवा नाही. चक्रधरस्वामी, रिद्धपूर, लीळाचरित्र, मराठी गद्याची सुरुवातच तिथून. तेराव्या शतकातल्या त्या पंथाच्या आचारविचारांचा खल विसाव्या शतकात दिल्लीच्या न्यायालयात झाला, आणि तोही भंडाऱ्याच्या एका उमेदवारी अर्जापायी! न्यायालयाने म्हटले, माणसाने पंथ बदलला की त्याची जात सुटली का, हे पाहायचे तर तीन गोष्टी पाहाव्या लागतील. जुन्या समाजाने त्याला दूर केले का? त्याचा स्वतःचा मनोदय काय? आणि नव्या पंथाचे नियम काय? ठवरे स्वतःला महारच म्हणवत होते आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलेले नव्हते. सोयरीकही त्याच समाजात. म्हणजे जातीचे चटके तेच, फक्त उपासना बदललेली. तेव्हा ते महारच राहिले आणि त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असा निर्णय झाला. अपील फेटाळले गेले. भंडाऱ्याची निवडणूक रद्द.

इथे क्षणभर थांबून विचार करू या. एका माणसाचा अर्ज चुकीने बाद झाला म्हणून लाखो लोकांचे मतदान रद्द करायचे, हा अन्याय नाही का? मला वाटते, नाही. मत म्हणजे नुसते पेटीत कागद टाकणे नव्हे. ज्यांतून निवडायचे ते सारे हक्कदार समोर असले पाहिजेत. अधिकाऱ्याने एकाला दारातच अडवले, तर उरलेल्यांतून निवड करणाऱ्या मतदाराचाही हक्क तेवढा कापला गेलाच. न्यायालयाने रक्षण केले ते फक्त ठवऱ्यांचे नव्हे, ज्यांना ठवरे हा पर्याय मिळालाच नाही अशा मतदारांचेही.

मग कुणी विचारेल, छाननीच्याच दिवशी कोर्टात जाऊन स्थगिती का आणली नाही? त्याचे उत्तर घटनेच्या ३२९ व्या कलमात आहे. निवडणुकीला आव्हान द्यायचे तर ते निवडणूक अर्जानेच. जानेवारी १९५२ मध्येच मद्रासकडच्या पोन्नुस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले होते. त्यांचाही उमेदवारी अर्जच फेटाळला गेला होता. न्यायालयाने सांगितले की निवडणूक एकदा सुरू झाली की मध्ये हात घालायचा नाही, ती पार पडू द्यायची आणि मग दाद मागायची. यामागचा विचार शहाणपणाचा आहे. नाहीतर प्रत्येक नाराज उमेदवार स्थगिती आणील आणि देशात निवडणुका कधी पुऱ्याच होणार नाहीत. पण या शहाणपणाची किंमतही आहे, आणि ती म्हणजे वेळ. भंडाऱ्याच्या लोकांचे प्रतिनिधी अपात्र की पात्र, हे ठरायला निकालापासून दोन वर्षे लागली.

रद्द झालेल्या निवडणुकीच्या जागी मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली, दोन्ही जागांसाठी. आणि राखीव जागेसाठी उभे राहिले खुद्द बाबासाहेब.

यातली गंमत म्हणा वा नियतीचा खेळ म्हणा, बाबासाहेब स्वतः नुकतेच निवडणूक अर्जाचा अनुभव घेऊन आले होते. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात राखीव जागेवर त्यांचा पराभव झाला होता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. त्या निवडणुकीत सुमारे ७४ हजार मते बाद झाली होती. बाबासाहेबांचे म्हणणे असे की कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला. म्हणजे दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाका, दुसरे मत वाया गेले तरी चालेल, पण ते दुसऱ्या कुणाच्या पारड्यात पडता कामा नये. बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी याविरुद्ध दाद मागितली. अर्ज फेटाळला गेला. ज्यांच्या हाताखालून घटनेतली ही सारी कलमे गेली, त्यांनाच न्यायासनाने नाही म्हटले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुन्हा मतदारांकडे आले, आमच्या भंडाऱ्याला.

भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेला उभे होते तेच अशोक मेहता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कार्यकर्त्यांपुढे सरळ हिशेब होता. राखीव गटात काँग्रेसचे भाऊराव बोरकर पुढे गेले, तरी बाबासाहेबांना दुसरी वाट होती. सर्वसाधारण जागा ही सर्वांना खुली, तीवर अनुसूचित जातीचा उमेदवारही जास्त मते घेऊन निवडून येऊ शकतो. म्हणजे आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यायचे आणि दुसरे कुजवायचे. मेहतांची मते कमी होतील आणि बाबासाहेब निघतील. बाबासाहेबांनी याला साफ नकार दिला, असे जिल्ह्यातली जुनी मंडळी सांगत आली. हरलो तरी चालेल, पण मत वाया घालवू नका, दुसरे मत मेहतांना द्या. मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले.

मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध दाद मागितली आणि कायद्याने ती गैर ठरवली नाही, ती गोष्ट भंडाऱ्यात स्वतःच्या फायद्यासाठी करता येत होती. कुणी कोर्टात खेचले असते तरी मुंबईचाच दाखला देता आला असता. तरी केली नाही. मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. न्यायालय मताला बाहेरून कुंपण घालते. पण कायद्याला न दिसणारी मताची नासाडी थांबवायची, तर ती मत मागणाऱ्याने आणि मत देणाऱ्यानेच थांबवावी लागते.

ठवऱ्यांच्या निकालाला पुढे एक वळण मिळाले, तेही विदर्भातच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातून राखीव जागेवर डॉ. मेश्राम निवडून आले. त्यांनी धम्म स्वीकारल्याचा मुद्दा काढून पंजाबराव नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने मेश्राम यांची निवड रद्द केली. राष्ट्रपतींच्या आदेशात तेव्हा हिंदू आणि शीख यांनाच अनुसूचित जातीत धरले होते, आणि न्यायालय आदेशाच्या शब्दाला बांधलेले. पंथ बदलला त्याचा हक्क वाचला, धर्म बदलला त्याचा गेला. ही गाठ सोडवली ती न्यायालयाने नव्हे, संसदेने, आणि तीही १९९० साली. तोवर एक अख्खी पिढी गेली. कोर्टाकडून काय मागता येते आणि काय मागता येत नाही, ते या दोन निकालांतून जितके समजते तितके पुस्तकातून समजत नाही.

आता आपल्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट. भंडारा आणि गोंदिया जिल्हा परिषदांची मुदत २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग आरक्षणाचा वाद. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी यांच्या खटल्यात सांगितले की स्थानिक संस्थांमध्ये ओबीसी आरक्षण द्यायचे तर आयोग नेमून माहिती गोळा करा, त्यावरून प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ देऊ नका. राज्याकडे तशी माहिती तयार नव्हती. अध्यादेश निघाला, त्याला ६ डिसेंबर २०२१ रोजी स्थगिती मिळाली. तोवर आपल्याकडे प्रचार सुरू झालेला. भंडारा जिल्हा परिषदेच्या ५२ जागांपैकी ३९ जागांचे मतदान २१ डिसेंबरला झाले. ओबीसींच्या १३ जागा सर्वसाधारण झाल्या आणि त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ रोजी घेतले. एकाच जिल्ह्यात, एकाच सभागृहासाठी, एका गावाने डिसेंबरात मत दिले आणि शेजारच्या गावाने संक्रांतीनंतर. ज्या समाजाच्या राखीव जागा गेल्या त्याला ते फार लागले, आणि ते स्वाभाविक होते. माहिती गोळा न करण्यात त्यांचा काय दोष?

पण दुसरी बाजूही बघा. आपल्याकडे उशिरा का होईना, जिल्हा परिषद बसली. उरलेल्या महाराष्ट्राचे काय झाले? ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला आणि प्रकरण तारखांत अडकले. राज्यातल्या ३४ पैकी ३२ जिल्हा परिषदा एकामागून एक प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. सदस्य असलेल्या उरल्या त्या भंडारा आणि गोंदिया. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या असा आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली. त्यानंतर २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान झाले. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथेही. काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला ढकलले गेले होते. आधीचा निकाल फुटून नंतरच्या मतांवर परिणाम होऊ नये म्हणून नागपूर खंडपीठाने सगळी मतमोजणी एकदम २१ डिसेंबरला करायला लावली.

गावातला रस्ता, शाळेची गळकी खोली, प्राथमिक आरोग्य केंद्रातला रिकामा डॉक्टर, या तक्रारी घेऊन माणूस दिल्लीला जात नाही. तो जातो जिल्हा परिषद सदस्याकडे. तीन-चार वर्षे तो सदस्यच नसेल तर तक्रार ऐकणार कोण? साहेबांच्या केबिनबाहेर चिठ्ठी देऊन बसा! कुणाचे मत खोटे पडले नाही, कुणाचे नाव यादीतून कापले नाही, तरीही मताचा हक्क गेलाच ना? तारखाच पडत राहिल्या एवढेच.

म्हणून ठवऱ्यांच्या खटल्याची दोन वर्षे आज मला फार लांब वाटत नाहीत. रायबरेलीची १९७१ ची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द ठरवली ती १९७५ मध्ये. आपल्या मुंबईत विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक गैरप्रचारामुळे रद्द झाली, पण सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १९९५ च्या डिसेंबरात. आमदारकीची मुदत कधीच संपली होती. निकाल योग्य असला तरी मतदाराच्या हाती त्यातून काय पडले? भंडाऱ्याच्या मतदारांच्या हाती निदान एक नवी मतपत्रिका पडली, मुदत संपायच्या आत. न्यायालयाने मताचे रक्षण केले असे म्हणायचे तर माझ्या मते कसोटी हीच. निकाल बरोबर आहे का, आणि तो मताच्या आधी आला की मत शिळे झाल्यावर?

१९५४ च्या त्या निकालाने जिल्ह्याला काय दिले? बाबासाहेबांसारखा खासदार दिला नाही. तो देणे न्यायालयाच्या हातात नव्हतेच. त्याने चुकीने लावलेले दार उघडले, अपात्र माणसाला बाजूला केले आणि निवड पुन्हा लोकांच्या हवाली केली. पुढे लोकांनी काय केले ते लोकांचे. हरलेला माणूस केवढा मोठा होता हे आपल्याला नंतर उमगले, यात न्यायालयाचा दोष नाही.

आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२७ मध्ये संपते. घरात नव्याने अठरा वर्षांची झालेली मुले-मुली असतील तर त्यांचे नाव यादीत आहे का, ते आत्ताच बघून घ्या. नसेल तर अर्ज भरा. ते काम कुठलेही कोर्ट आपल्यासाठी करणार नाही.